हिऱ्याने मोडलेला नियम

मागच्या वेळी आपण वायू पाहिले, रेणू मोकाट पळणारे. द्रवात ते एकमेकांना लागून सरकत राहतात. घन पदार्थातला अणू मात्र जागच्या जागी थरथरतो. तापवलं की थरथर वाढते. १८१९ मध्ये द्यूलाँ आणि पेती यांनी सांगितलं, की कुठल्याही घन मूलद्रव्याचा एक अणू तापवायला जवळपास सारखीच उष्णता लागते. तांबं, शिसं, सोनं, सगळी नियमात बसली. हिरा बसेना! नेहमीच्या तापमानाला त्याला जेमतेम पाव हिस्सा पुरतो.

१८७०च्या दशकात वेबरने हिरा तापवत नेला, तसा तो नियमाकडे सरकू लागला. का, ते कळेना. १९०७ मध्ये आईन्स्टाईनने तेच आकडे उचलले. (वेबर त्याचेच झुरिकचे प्राध्यापक, दोघांचं पटलं नाही, ते सोडा.) प्लांकची कल्पना तोवर प्रकाशाच्या प्रारणापुरती होती. आईन्स्टाईनने ती अणूंच्या थरथरीला लावली: ऊर्जा पायरीपायरीनेच वाढते. हिऱ्यातले बंध ताठ, अणू हलका, म्हणून कंपन वेगवान आणि पायरी उंच. साध्या तापमानाला बहुतेक अणूंना ती चढताच येत नाही. शिशाची पायरी ठेंगणी.

त्याने प्रत्येक अणू सुटा धरला होता, त्यामुळे अतिथंड तापमानाचे आकडे चुकत. शेजाऱ्याला ओढत हलणारे अणू डेबायने १९१२ मध्ये हिशेबात घेतले, तेव्हा तेही जुळले.