यादीबाहेरचं पुस्तक

मी हनोखाच्या पुस्तकाबद्दल सांगतो. ज्यूंनी लिहिलेलं, बरंचसं इसवी सनापूर्वीचं. दुसऱ्याच्या घामावर घरं बांधणाऱ्या धनदांडग्यांना त्यात थेट शाप आहेत. ज्यूंच्या मान्य धर्मग्रंथांत त्याला जागा मिळाली नाही. बहुतेक चर्चांनीही ते बाहेरच ठेवलं. युरोपात अख्खं पुस्तक गडप झालं. मग जपलं कुणी? इथियोपियाच्या काळ्या ख्रिस्ती माणसांनी, गीझ भाषेत, आपल्या बायबलात. १७७३ साली जेम्स ब्रूसनं तिथून तीन प्रती युरोपात आणल्या. १९५२ साली मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत त्याच्या पाचांपैकी चार भागांचे अरमाईक तुकडे निघाले. इथियोपियाची साक्ष खरी ठरली.

शिक्का मारणारे वेगळे, पुस्तक जगवणारे वेगळे. म्हणून कुणी पवित्र ग्रंथांची यादी पुढं केली, की मी आधी विचारतो : गाळलं काय, अन् कुणी?