'सॅक्रिलेज' : पावित्र्यभंग कोणत्या संहितेचा?

१९९७ साली लंडनच्या 'म्यूट' कंपनीने 'कॅन' या जर्मन बँडच्या जुन्या रचनांची रीमिक्स रूपे सीडीवर आणि व्हाइनिलच्या तबकड्यांवर प्रसिद्ध केली. संग्रहाचे नाव 'सॅक्रिलेज', म्हणजे पावित्र्यभंग. नाव अर्थात मिश्किल आहे. परंतु त्यात एक गृहीतक दडले आहे. पावित्र्यभंग व्हायचा तर आधी एक पवित्र, बंदिस्त, कर्त्याच्या मुद्रेने सिद्ध झालेली संहिता असावी लागते. 'कॅन'च्या बाबतीत अशी संहिता होती काय?

१९६८ मध्ये कोलोन येथे स्थापन झालेल्या या बँडमधील होल्गर चुकाय आणि इर्मिन श्मिट हे दोघेही श्टॉकहाउझेनचे विद्यार्थी. स्वरलिपी लिहून मग वाजवणे ही त्यांची रीत नव्हती. तासन्‌तास उत्स्फूर्त वादन करायचे, ते ध्वनिफितीवर घ्यायचे आणि नंतर चुकायने फीत कापून, जोडून रचना 'घडवायची', असा हा व्यवहार होता. 'मॉन्स्टर मूव्ही' (१९६९) मधील वीस मिनिटांची 'यू डू राइट' कित्येक तासांच्या वादनातून अशीच निघाली. म्हणजे ज्याला मूळ म्हणायचे तेच संपादित आहे. संहितेच्या उगमाशी लेखणी नसून कात्री आहे. बार्थने १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. कोलोनजवळच्या स्टुडिओत पुढच्याच वर्षी त्या सिद्धान्ताची कार्यशाळा सुरू झाली, असे म्हटले तर ती केवळ अतिशयोक्ती ठरू नये.

यात एक तांत्रिक अडचणही होती, आणि तिचे महत्त्व सैद्धान्तिक आहे. बँडचे आरंभीचे ध्वनिमुद्रण दोन ट्रॅकवरचे; सोळा ट्रॅकची सोय १९७५ च्या 'लँडेड'च्या वेळी आली. वाद्ये सुटी करून पुन्हा मिसळणे, हा रीमिक्सचा रूढ अर्थ, येथे बहुतांशी अशक्यच होता. (आपल्याकडे रीमिक्स म्हणजे जुन्या चित्रपटगीतावर नव्या गळ्याने आणि नव्या ठेक्याने चढवलेला साज, तोही अर्थ येथे उपयोगाचा नाही.) हाती उरतो तो एकजीव ध्वनीचा तुकडा. तो उचलायचा आणि त्याभोवती नवी रचना उभारायची. हे भाष्यकाराचे काम झाले, संपादकाचे नव्हे. ब्रायन ईनोने निवडलेली 'प्नूम' मुळात अर्ध्या मिनिटाचीही नाही. उलट 'द ऑर्ब'ने हाती घेतलेल्या 'हालेलुवा'ने 'टागो मागो'ची (१९७१) एक अख्खी बाजू व्यापलेली. एकीत भर घालावी लागते, दुसरीत निवड करावी लागते.

खरा भंग झाला आहे तो काळाच्या अनुभवाचा. याकी लीबेत्साइट मुक्त जॅझ सोडून आलेला ढोलवादक. त्याचा ठेका यंत्रासारखा आहे असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. तो एकच आकृती पुन्हापुन्हा वाजवतो, पण प्रत्येक आवर्तनात आघाताचे वजन किंचित सरकते. पुनरावृत्ती ही त्याच्याकडे कृती आहे. त्यातले दोन-चार सेकंद उचलून त्यांचे चक्र केले, की उरते ती प्रतिकृती. टीकाकारांनी 'कॅन'ला टेक्नोचे पूर्वज ठरवताना हा भेद सोयीस्करपणे पुसून टाकला.

शिवाय पूर्वजत्वाची ही भाषा एकतर्फी आहे. टेक्नो घडले डेट्रॉइटमध्ये, ह्वान अ‍ॅटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन या कृष्णवर्णीय तरुणांच्या हातून; १९८८ च्या एका ब्रिटिश संकलनाने ते नाव युरोपभर नेले. जर्मनीचे ऋण त्यांच्यावर होते खरे, पण ते मुख्यतः 'क्राफ्टवेर्क'चे. 'सॅक्रिलेज'मध्ये 'फ्यूचर डेज' हाताळणारा कार्ल क्रेग याच परंपरेतील पुढच्या पिढीचा. त्याला वारसदार म्हणून बोलावले जाते, तेव्हा त्याच्या स्वतःच्या परंपरेचे कर्तृत्व कोलोनच्या खात्यावर जमा होते, हे विसरता येत नाही.

तबकडीचा मुद्दाही निव्वळ स्मरणरंजनाचा नाही. १९९७ मध्ये घरात ऐकण्यासाठी सीडी होतीच. व्हाइनिल लागे ते डीजेला. तबकडीची गती किंचित कमीजास्त करून तो एका रचनेचा ठेका दुसरीशी जुळवतो. यंत्राने आखलेली रीमिक्स रूपे एकदा जुळली की बरीचशी जुळून राहतात. १९७३ ची मूळ 'फ्यूचर डेज' त्याच टर्नटेबलावर ठेवली, तर मात्र त्याला हात उचलता येत नाही. लीबेत्साइट सरकेल तसे त्यालाही सरकावे लागते.