वेशीपासून दरवाजापर्यंत

पाहुणा नगरला आला की आपण त्याला गावाबाहेर नेतो. प्रथम किल्ला, जेथे १९४२ साली पकडलेले पुढारी ठेवले होते आणि जेथे नेहरूंनी आपला भारताच्या शोधाचा ग्रंथ लिहिला. मग फराहबाग, वेळ असेल तर दमडी मशीद, आणि उत्साह असेल तर चांदबीबीचा महाल. हा महाल चांदबीबीचा नसून सलाबतखानाची कबर आहे, हेही आपण सांगतो, आणि तरी नाव मात्र चांदबीबीचेच घेतो. संध्याकाळी पाहुणा परत येतो, कापडबाजारातून एखादे लुगडे किंवा सतरंजी घेतो, आणि गाडी पकडतो. ज्या रस्त्यावर तो ती सतरंजी घेतो, तो रस्ता पाहावयाचा असतो हे त्याला कोणी सांगत नाही, कारण आपल्यालाच ते कोणी सांगितलेले नाही.

वर सांगितलेल्या सगळ्या वास्तू तटाबाहेरच्या आहेत. दमडी मशीद, फराहबाग आणि सलाबतखानाची कबर या तिन्हींना सरकारचे संरक्षण आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने त्यांच्या दगडाला हात लावता येत नाही, आणि २०१० च्या दुरुस्तीने तर शंभर मीटरच्या आत नवे बांधकामही करता येत नाही. पण तटाच्या आत, जेथे पाचशे वर्षे माणसे राहिली, विकली-घेतली, भांडली आणि मेली, तेथल्या गल्लीला कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वच नाही. कायद्याला इमारत दिसते, रस्ता दिसत नाही.

रस्ता दिसावा म्हणून काय करावे लागते, ते जपानी लोकांनी करून दाखविले आहे. तेथल्या क्योतो शहरात कियोमिझू मंदिराकडे चढत जाणारी सान्नेनझाका नावाची एक पायऱ्यांची वाट आहे. दोन्ही बाजूंना लाकडी घरे, पुढे दुकान, मागे राहते घर, आणि त्याच्या मागे चिमुकली बाग. दर्शनी बाजू अरुंद आणि खोली फार. त्यामुळे तेथले लोक अशा घराला वाम माशाचे अंथरूण म्हणतात. पूर्वी दर्शनी रुंदीवर कर होता म्हणून घरे अशी बांधली, अशी एक समजूत तिकडे सांगतात. आपल्याकडच्या पेठेतला जुना दुकानदार हे ऐकून हसेल, कारण त्याचेही घर असेच आहे: पुढे बैठक आणि गल्ला, मध्ये चौक, मागे माजघर, आणि परसात आड. माणूस व्यापारी झाला की रस्त्याची प्रत्येक वीत त्याला महाग पडते, मग तो क्योतोचा असो की कापडबाजारातला.

१९७५ साली जपानने आपल्या सांस्कृतिक वारशाच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि एकेका इमारतीबरोबर घरांच्या संबंध ओळीलाही संरक्षण दिले. पुढच्याच वर्षी पहिल्या सात वस्त्या निवडल्या, त्यांत ही सान्नेनझाका होती. या कायद्यातली गोम अशी की क्षेत्र ठरविण्याचा अधिकार गावाच्या नगरपालिकेकडे ठेवला. गावाने आधी आपली हद्द आखावी, नियम करावे, आणि मग देशाच्या सरकारकडे निवडीसाठी अर्ज करावा. घराची बाहेरची बाजू बदलावयाची तर परवानगी लागते, दुरुस्तीला पैसा मिळतो, आणि आत मालकाने कसे राहावे हे बहुतांशी त्याचे त्याने पाहावे. उंबऱ्याबाहेर गाव आणि उंबऱ्याच्या आत घर, ही वाटणी आम्हाला फार शहाणपणाची वाटते.

त्याच सात वस्त्यांपैकी त्सुमागो नावाचे डोंगरातले एक गाव आहे. एदो आणि क्योतो यांना जोडणाऱ्या जुन्या हमरस्त्यावरचा तो एक मुक्काम. आगगाडी दुसऱ्या खोऱ्याने गेली आणि गावाचा धंदा बसला. घर पाडून नवे बांधावे एवढा पैसा कोणाजवळ राहिला नाही, म्हणून घरे राहिली! १९६८ पासून गावकऱ्यांनी ती दुरुस्त करावयास घेतली आणि १९७१ साली आपसांत करार केला: विकावयाचे नाही, भाड्याने द्यावयाचे नाही, पाडावयाचे नाही. विजेच्या तारा त्यांनी नजरेआड नेल्या आणि दिवसा मुख्य रस्त्यावर मोटारींना बंदी केली. दारिद्र्याने जे राखले ते पुढे शहाणपणाने राखले.

नगरचे नेमके उलटे झाले. धोंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि स्टेशन शहराच्या दक्षिणेला, तटापासून दूर पडले. पण पेठ बसली नाही. साळी-पद्मसाळ्यांचे माग, तांबटांची भांडी आणि आसपासच्या तालुक्यांचा बाजारहाट यांनी ती चालती ठेवली. चालती पेठ म्हणजे बदलती पेठ. बापाने वाडा बांधला, मुलाने पुढचा भाग काढून काचेचे दुकान केले, नातवाने तीन मजले चढविले. यात कोणी गुन्हा केला असे आम्ही म्हणणार नाही. जिवंत बाजाराला संग्रहालयासारखे वागा म्हणणे हा शुद्ध अडाणीपणा आहे.

तरीही माळीवाड्याच्या वेशीतून आत शिरून दिल्ली दरवाजापर्यंत एकदा पायी चालावे. मोटारसायकलवर नव्हे. सावकाश चालले तर अर्ध्या-पाऊण तासाची वाट आहे: माणिक चौक, कापडबाजार, तेलीखुंट, चितळे रोड, चौपाटी कारंजा. एका टोकाला वेस उभी, दुसऱ्या टोकाला दरवाजा उभा. मधला तट बहुतेक नाहीसा झाला, पण दोन टोके शाबूत असल्यामुळे लांबी अजून मोजता येते.

मलिक अहमदाने १४९० साली बहामनी फौजेचा येथे पराभव केला आणि त्याच जागेवर सीनेच्या काठी नवे शहर वसविले. फिरिश्ता हा इतिहासकार तरुणपणी याच शहरात होता. तो १५८९ साली विजापूरला गेला. नव्या नगराची बरोबरी त्याने बगदाद आणि कैरोशी केली आहे. इतिहासकार दरबारी असला म्हणजे थोडे वाढवून लिहितोच, पण इतके वाढवावयालाही खाली काहीतरी असावे लागते. दगडी किल्ला आणि शहराचा तट हुसेन निजामशहाच्या काळातले, म्हणजे सोळाव्या शतकाच्या मध्यावरचे.

या तटाची एक हकीकत प्रत्येक नगरकराला ठाऊक असावयास हवी. ८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने पेठेवर शिड्या लावल्या. पेठ तेव्हा शिंद्यांच्या ताब्यात होती. तट उंच होता, पण त्याच्या माथ्यावर उभे राहावयास धक्काच नव्हता. शिडीवरून वर गेलेल्या शिपायाला पाय टेकावयास जागा मिळेना, आणि वरच्या वर माणसे पडू लागली. अखेर एका बुरुजावरून काही जण आत उतरले. आतल्या अरबांनी तट सोडला पण शहर सोडले नाही. ते घरांत शिरले आणि खिडक्यांतून गोळ्या झाडू लागले. लढाई तटावर संपली नाही, गल्ल्यांत संपली. वसईच्या तहानंतर पेशव्यांचे सरदार गोखले इंग्रजांच्या बरोबर होते. त्यांनी चकित होऊन पुण्यास कळविले की हे लोक सकाळी येतात काय, तटावरून चालून जातात काय, आणि न्याहारीला परत येतात काय! चार दिवसांनी, १२ तारखेला, किल्लाही खाली झाला. या प्रसंगाची आठवण किल्ल्याच्या बाजूला सांगितली जाते. ज्या गल्ल्यांतून अरब लढले, तेथे एक पाटीसुद्धा नाही.

१८१८ नंतर नगरला जो पहिला इंग्रज कलेक्टर आला तो हेन्री पॉटिंजर. हाच गृहस्थ पुढे १८४३ साली हाँगकाँगचा पहिला गव्हर्नर झाला. हाँगकाँगमध्ये त्याच्या नावाचा एक रस्ता आहे: चढाचा, ओबडधोबड दगडी फरशांचा. चिनी लोक त्याला फरशीचा रस्ता म्हणूनच ओळखतात, आणि तेथल्या सरकारने तो पहिल्या दर्जाचा वारसा म्हणून राखला आहे. आमच्या पहिल्या कलेक्टराच्या नावाची फरशी समुद्रापार जपली जाते, आणि आमच्या पेठेची फरशी डांबराच्या किती थरांखाली आहे याची चौकशी कोणी करीत नाही. मौज आहे.

दगड गेला तरी नगरात नावे टिकली, आणि हा आमच्या मते या शहराचा मोठा ठेवा आहे. तोफखान्यात आज तोफ नाही. मोची गल्ली, बुरूड गल्ली, डाळमंडई, आडते बाजार, गंजबाजार: प्रत्येक नाव म्हणजे एकेका धंद्याचा उतारा. 'खुंट' हा शब्द चौकाच्या अर्थाने ऐकला की माणूस नगरचा हे ओळखावे. आणि 'कारंजा'? चौपाटी कारंजा, लक्ष्मी कारंजा ही नावे शोभेच्या फवाऱ्यांची नव्हेत. निजामशाहीत कापूरवाडी व आसपासच्या गावांतून खापरी नळांनी पाणी शहरात आणले होते. ते जेथे हौदात पडे, तेथे माणसे जमत, आणि माणसे जमली की चौक होई. २०२४ साली शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. चौंडीला जन्मलेल्या अहिल्याबाईंचे नाव जिल्ह्याला मिळाले, पण पत्ता सांगताना माणूस अजून कारंजाच सांगतो.

येथे आम्हाला पणजी आठवते. अल्तिन्योच्या टेकडीखाली, खाडीच्या बाजूला फोंतेन्यास नावाची जुनी वस्ती आहे. त्या पोर्तुगीज नावाचा अर्थच लहान झरे. पिवळी, तांबडी, निळी घरे, कौलारू छपरे, लोखंडी कठड्यांचे सज्जे, आणि पावसाळा सरला की पुन्हा रंग. ती वस्ती राखीव क्षेत्र म्हणून सांभाळली गेली आणि देशभर नावाजली. मग प्रवासी आले. लोकांच्या दारात उभे राहून फोटो काढू लागले, आणि आता काही घरांवर फोटो काढू नयेत अशा पाट्या लागल्या आहेत. राखलेला रस्ता देखावा बनला की त्यातल्या रहिवाशाला आपण नाटकातले पात्र झाल्यासारखे वाटते. नगरच्या बाबतीत ही भीती आज तरी नाही. आपल्याकडे रोग निराळा आहे.

तो रोग असा. जुना वाडा एका बापाच्या नावावर असतो, आणि तीन पिढ्यांनी उताऱ्यावर वीस नावे चढतात. खालचा भाडेकरू जुन्या कायद्याप्रमाणे नाममात्र भाडे देतो. त्या भाड्यात कौले फिरविणेही परवडत नाही. वीस मालकांत एकमत फक्त विकण्यावर होते. विकत घेणारा पाडतो, आणि नवे बांधताना रस्तारुंदीच्या रेषेप्रमाणे मागे सरकतो. शेजारचा जुना तेथेच असतो. त्यामुळे एक घर पुढे, एक मागे, अशी करवतीच्या दातांसारखी ओळ होते: रस्ता रुंदही होत नाही आणि जुनाही राहत नाही. पेठेतल्या एका वृद्ध व्यापाऱ्याला आम्ही विचारले, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, नक्षीचा खांब मलाही आवडतो. पण त्याला वाळवी लागली, तर तुमची व्याख्यानमाला येणार आहे का?" या प्रश्नाला आमच्याजवळ टाळीचे उत्तर नव्हते. जपानात मात्र उत्तर आहे: सुतार आणि दुरुस्तीचा पैसा येतो, म्हणून नियम टिकतो. नुसता नियम केला तर मालक रात्री भिंत पाडील आणि सकाळी पडली म्हणून सांगेल.

महाराष्ट्रात असे काही होतच नाही असेही नाही. मुंबईने १९९५ साली वारसा नियमावली केली आणि तीत इमारतींबरोबर परिसरांचीही यादी धरली. गुजरातेत अहमदाबादेच्या तटातल्या पोळींना २०१७ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. ते शहर १४११ चे, आपले त्यानंतर अवघ्या ऐंशी वर्षांचे. दोन्ही अहमदांनी वसविलेली, आणि पत्रे एकाची दुसऱ्याला जात आली आहेत. नगरची पालिका १८५४ ची, २००३ पासून महापालिका झालेली. असल्या कामाला ती लहान नाही.

सगळा कापडबाजार राखा असे आमचे म्हणणे नाही. तेथे राखावयास आता फारसे उरलेलेही नाही. पण आतल्या गल्ल्यांत, माळीवाड्याच्या आणि नालेगावच्या बाजूला, आठ-दहा घरांच्या ओळी अजून सलग दिसतात: तुळया, कोरीव कणे, ओसरीच्या पायऱ्या, दिंडी दरवाजा. अशी एक ओळ निवडावी. काम मोजणीपासून सुरू करावे: दर्शनी रुंदी किती, मजले किती, लाकूड कोणते, दगड कोठला, मालक किती, भाडेकरू किती. त्याला तज्ज्ञ लागत नाही. एक फीत, एक वही, महाविद्यालयातली चार मुले आणि गल्लीतला एक जाणता माणूस पुरे. उन्हाळ्याच्या सुटीत सकाळी सात ते नऊ काम केले तर एका गल्लीला पंधरा दिवस लागतील. वही पुरी झाली की ती घेऊन आधी मालकांकडे जावे, आणि मग महापालिकेकडे.