केरवा एका रेषेवर : तालवाद्यांच्या लेखनाची वाटचाल

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून होणाऱ्या झाडीपट्टीत दंडार, खडी गंमत आणि नाटक यांची मोठी परंपरा आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई ही जत्रा भरू लागते आणि तिथून पुढे रात्र-रात्र खेळ चालतात. शाहिरांनी गाण्यांचे शब्द वहीत उतरवून ठेवले, ढोलकीला मात्र वही मिळाली नाही. वादक ऐकून शिके, बोल तोंडाने म्हणे आणि हातात आणी. ‘धा गे न ती न क धी न’ एवढे म्हणता आले की केरवा हा ताल पाठ झाला. बोल हीच तालवाद्याची पहिली लिपी, आणि ती उच्चारातच राहिली.

कागदावर ताल आणण्याचे पद्धतशीर प्रयत्न एकोणिसाव्या शतकात झाले. बडोद्यात संगीतकार मौलाबक्ष यांनी १८८६ साली संगीतशाळा काढली आणि स्वतःची स्वरलिपी वापरात आणली. पण खुद्द तालवाद्यासाठी महत्त्वाचे काम झाले ते लाहोरला. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी तिथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यांचे सहकारी, पखवाजवादक गुरुदेव पटवर्धन यांनी १९०३ साली ‘मृदंग और तबला वादनपद्धति’ हे हिंदी पुस्तक प्रसिद्ध केले. वाद्यावर हात कसा पडतो, त्यातून कोणता बोल निघतो आणि त्या बोलाला किती काळ द्यायचा, हे सारे छापील पानावर समजावणारा हा ग्रंथ आहे. मराठी संगीतेतिहासात त्याची आठवण फारशी काढली जात नाही, आणि ही उपेक्षा अन्यायाची आहे.

पलुस्कर पद्धतीत प्रत्येक बोलाखाली त्याच्या कालमानाचे चिन्ह येते: एका मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला शून्य, पाव मात्रेला छोटी कमान. तालाची पहिली मात्रा म्हणजे सम ‘१’ या आकड्याने आणि बिनटाळीची जागा म्हणजे खाली ‘+’ ने दाखवतात. संगीतज्ञ भातखंडे यांच्या पद्धतीने हा भार हलका केला. समेला ‘×’, खालीला ‘०’, बाकी टाळ्यांना २, ३ असे आकडे आणि एका मात्रेत बसणाऱ्या अक्षरांखाली एकच अर्धचंद्र. वाचायला सोपी म्हणून हीच जास्त पसरली. मात्र भातखंड्यांची ‘क्रमिक पुस्तकमालिका’ मुख्यतः बंदिशींसाठी होती. तिच्यात ताल येतो तो स्वरांची मोजपट्टी म्हणून. तबलजी प्रत्यक्षात काय वाजवतो ते त्या पानांवर येत नाही.

गोंदियापासून डोंगरगडमार्गे फार दूर नसलेल्या खैरागडला १९५६ साली राजघराण्याने दिलेल्या राजवाड्यात इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. तिथल्या आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे ठेके लिहिणे हा तबला शिकण्याचा नेहमीचा भाग झाला. झाडीतल्या लोकवाद्यांचे वाजवणे मात्र या अभ्यासक्रमांच्या बाहेरच राहिले.

पलुस्कर आणि भातखंडे या दोन्ही देशी पद्धतींत एक गोष्ट बोलातच दडलेली असते: कोणता हात कुठे पडला. ‘धा’ म्हणजे दोन्ही हात, ‘ना’ म्हणजे फक्त दायाँ, ‘गे’ म्हणजे फक्त बायाँ. जाणकाराला हे सांगावे लागत नाही, पण बोल न जाणणाऱ्या वादकापुढे नुसते ‘धा’ ठेवले तर तो काय वाजवणार? पाश्चात्त्य लेखनाने हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. पाच रेषांचा स्टाफ स्वराची उंची सांगण्यासाठी असतो. निश्चित स्वर नसलेल्या ढोलांना आणि झांजांना एवढ्या रेषांची गरज नसते. विसाव्या शतकात संगीतकार एदगार वारेझच्या ‘आयोनिझासियों’सारख्या (१९३१) तालवाद्यप्रधान रचना लिहिल्या जाऊ लागल्या, वाद्यांची संख्या वाढली, आणि एका वाद्याला एकच रेषा देण्याची सोय उपयोगी ठरली. या रेषेच्या आरंभी स्वरचिन्हाऐवजी दोन जाड उभे दांडे येतात. ‘इथे स्वर शोधू नका’ असा त्यांचा अर्थ.

तबला-ढोलकीसाठी ही एक रेषा पुरेशी आहे. रेषेच्या वर दायाँ, खाली बायाँ. वरच्या नोटेची काडी वर, खालच्या नोटेची काडी खाली. आठ मात्रांचा केरवा असा मांडला तर पहिल्या ‘धा’ला वर आणि खाली दोन्हीकडे नोट येते. ‘गे’ला फक्त खाली, ‘न’, ‘ती’, ‘न’ यांना फक्त वर. सहाव्या मात्रेचा ‘क’ हा बायाँचा बंद आघात, म्हणून खालच्या नोटेचे डोके गोल न ठेवता फुलीचे करायचे. ‘धी’ला पुन्हा दोन्ही नोटा, शेवटच्या ‘न’ला एकटी वरची. यातून बोलांच्या ओळीत सहज न दिसणारी गोष्ट नजरेला पडते: बायाँचा खुला घुमारा पहिल्या दोन मात्रांत येतो, मग थेट सातवीत परततो. केरव्याचा डौल या मोकळ्या जागेत आहे.

संगणकावर हे लेखन १९८० नंतरच्या दशकांत आले. फिनाले हे सॉफ्टवेअर १९८८ चे, सिबेलियस १९९३ चे, आणि विनामूल्य म्युझस्कोअर त्यानंतरचे. या सगळ्यांत स्टाफच्या रेषा कमी करून एक ठेवता येते आणि प्रत्येक आघाताला जागा, डोके, काडीची दिशा व आवाज नेमून देता येतो. अडचण आवाजाची आहे. इलेक्ट्रॉनिक वाद्यांसाठीच्या १९९१ च्या जनरल मिडी मानकाने दहावी वाहिनी तालवाद्यांना दिली आणि ३५ ते ८१ या क्रमांकांवर ४७ आवाज बसवले. त्यांत बोंगो, काँगा, कुईका आहेत. तबला नाही, ढोलकी नाही. सुरावटीच्या वाद्यांच्या यादीत सतारीला १०५ वा क्रमांक मिळाला, पण तिच्या साथीदाराला जागा मिळाली नाही. त्यामुळे भारतीय ठेका लिहिणाऱ्याला आवाजांचा वेगळा संच जोडावा लागतो, किंवा काँगाच्या आवाजात केरवा ऐकावा लागतो, जे कानाला सहन होणारे नाही.

वेगळी वाट जेम्स किपेन आणि बर्नार बेल या संशोधकांनी धरली. १९८० च्या दशकात त्यांनी लखनौच्या तबलावादनाच्या अभ्यासासाठी ‘बोल प्रोसेसर’ तयार केला. त्यात नोटा नव्हत्या. बोल टंकायचे, कायदा या रचनाप्रकाराच्या विस्ताराचे नियम सांगायचे आणि संगणकाने रचलेले पलटे उस्तादांना दाखवून योग्य-अयोग्य ठरवायचे, अशी ती रीत होती. बोल ही तालाची खरी भाषा आहे हे तिने मान्य केले होते.

झाडीपट्टीच्या नाटकांत तबल्याशेजारी ऑक्टोपॅड आला, आणि नागपूर-गोंदिया-राजनांदगाव पट्ट्यातल्या धुमाल या वाद्यपथकांमध्येही तो वाजतो. १९८५ साली रोलंडने काढलेल्या या आठ चौकोनांच्या वाद्याचा प्रत्येक आघात मिडीतून क्रमांक होऊन बाहेर पडतो. तो सॉफ्टवेअरला जोडला की वाजवलेले थेट रेषेवर उतरते. इथे काळजी घ्यावी लागते. वादक डौलासाठी आघात किंचित मागे-पुढे करतो, आणि यंत्र ते बत्तिसाव्या भागांच्या गुंतागुंतीत लिहून टाकते. म्हणून आधी बारीकात बारीक भाग ठरवायचा आणि मग नोंद करायची.

बायाँवर मनगट सरकवून काढलेली घिश्श्याची मींड एका रेषेत पुरती बसत नाही. नोटेला जोडून वर किंवा खाली जाणारी वक्र रेघ काढतात, पण दाब किती हे ती सांगत नाही. अशा ठिकाणी बोल मदतीला येतो. गाण्याचे शब्द लिहिण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये नोटांखाली जी ओळ असते, तिच्यात देवनागरीतून बोल भरता येतात. सम-खालीची भातखंडे चिन्हे रेषेच्या वर मजकूर म्हणून बसतात. हात रेषेने दाखवायचा आणि नाद बोलाने, अशी जोड सर्वांत उपयुक्त आहे. फिनालेचा विकास ऑगस्ट २०२४ मध्ये थांबवण्यात आला, तेव्हा एकाच कंपनीच्या फाइलवर विसंबण्याचा धोका स्पष्ट झाला. झाडीतले ठेके नोंदवताना म्युझिकएक्सएमएल या खुल्या स्वरूपातली प्रत, छापील पान आणि मूळ वादनाचे ध्वनिमुद्रण ही तिन्ही एकत्र ठेवावी लागतात.