खिशातल्या दुर्बिणीची गोष्ट

गेल्या नोव्हेंबरात बाबा इथे आले होते, तेव्हा त्यांना घेऊन मेरीलँडमधल्या कोनोविंगो धरणावर गेलो होतो. सस्क्वेहाना नदीवरच्या या धरणाखाली थंडीच्या तोंडावर मासे धरायला बाल्ड ईगल जमतात. माझ्याकडे १०×५० ची दणकट दुर्बीण आहे, वजन किलोच्या आसपास. गळ्याला ओझं नको म्हणून मी ती डिकीतच ठेवली होती. आणि नेमका एक गरुड पंजात मासा घेऊन आमच्या डोक्यावरून गेला.

"दुर्बीण कुठाय रे?"

"गाडीत."

बाबा काही बोलले नाहीत, पण ऑप्टिक्सशी रोज संबंध येणाऱ्या माणसाला त्याहून मोठी चपराक कोणती? मग ठरवलं की बाबा परत जायच्या आत त्यांच्यासाठी एक छोटी, हलकी दुर्बीण घ्यायची. ती शोधता शोधता मी इतिहासात कसा शिरलो, त्याची ही गोष्ट.

पहिली गंमत म्हणजे दोन डोळ्यांची दुर्बीण जवळजवळ एका डोळ्याच्या दुर्बिणीइतकीच जुनी आहे. १६०८ साली हान्स लिपरहे या चष्मेवाल्याने नेदरलँड्सच्या सरकारकडे दुर्बिणीच्या पेटंटसाठी अर्ज केला. सरकारने सांगितलं, दोन्ही डोळ्यांनी बघता येईल अशी करून दाखव. पठ्ठ्याने तीही करून दिली. पैसे मिळाले, पेटंट मात्र मिळालं नाही, कारण ही युक्ती तोवर इतरांनाही ठाऊक झाली होती.

त्या काळच्या रचनेत पुढे बहिर्गोल आणि डोळ्याशी अंतर्गोल भिंग असे. गॅलिलिओची दुर्बीण ती हीच. चित्र सुलटं दिसतं, पण शक्ती वाढवली की किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं होतं. १६११ मध्ये केप्लरने दोन्ही भिंगं बहिर्गोल घेण्याची रचना मांडली. दृश्य रुंद झालं, पण उलटं. आकाशातला चंद्र उलटा दिसला तर बिघडत नाही, झाडावरचा पक्षी उलटा दिसून कसं चालेल? सुलटं करायला आणखी भिंगं घाला, की नळी हातभर लांब. म्हणून पुढची दोन-अडीचशे वर्षं हलकं हवं तर कमी शक्तीचा ऑपेरा ग्लास, आणि शक्ती हवी तर लांबलचक नळी, असाच मामला होता.

पण ऑपेरा ग्लासला कमी लेखू नका. १८८९ मध्ये फ्लॉरेन्स मेरियम या अमेरिकन बाईंनी 'बर्ड्स थ्रू अ‍ॅन ऑपेरा-ग्लास' नावाचं पुस्तक लिहिलं. पक्षी ओळखायचा म्हणजे आधी त्याला गोळी घालून हातात घ्यायचा, असा तो जमाना. त्या जमान्यात नाटकाला न्यायच्या खेळण्यातल्यासारख्या दुर्बिणीने जिवंत पक्षी बघा, असं सांगणं ही मोठीच गोष्ट होती. उपकरण हलकं असलं की ते सोबत येतं, आणि सोबत असलं तरच उपयोगी पडतं. हे मला डिकीशी उभं राहून कळलं!

लांब नळीवरचा उतारा सापडला होता तो इटलीच्या इग्नाझिओ पोरो या अभियंत्याला. १८५४ मध्ये त्याने दोन प्रिझमांची रचना पेटंट केली. प्रकाश चार वेळा परावर्तित होतो, त्यात चित्र सुलटं होतं आणि प्रकाशाचा मार्ग घडी घातल्यासारखा आखूड नळीत मावतो. कल्पना बिनचूक होती, पण तेव्हाची काच पुरेशी नितळ नव्हती. प्रिझममध्ये प्रकाशाला काचेतून बराच लांब प्रवास करावा लागतो आणि काचेतला प्रत्येक दोष चित्रात उतरतो. पोरो १८७५ मध्ये वारला. त्याच्या रचनेला साजेशी काच मिळायला अजून अवकाश होता.

ती काच जर्मनीत येना गावी तयार झाली. ओटो शॉटने १८८४ मध्ये तिथे काचेचा कारखाना काढला, त्याच्या जोडीला एर्न्स्ट आबे आणि झाइस. आबेनेही प्रिझमची तीच रचना स्वतंत्रपणे शोधली होती. १८९३ मध्ये पेटंटचा अर्ज केला तेव्हा कळलं, हे पोरोने चाळीस वर्षांपूर्वीच करून ठेवलंय! संशोधनात दिवस काढलेल्या कुणालाही त्या क्षणी पोटात कसा गोळा आला असेल ते सांगायला नको. पुढची भिंगं डोळ्यांतल्या अंतरापेक्षा लांब ठेवून खोलीचा भास वाढवण्याचं पेटंट मात्र त्याला मिळालं. १८९४ मध्ये झाइसच्या दुर्बिणी बाजारात आल्या, त्यांची मापं ४×११, ६×१५ आणि ८×२०. म्हणजे आज 'पॉकेट' म्हणून विकलं जाणारं ८×२० हे माप सव्वाशे वर्षांहून जुनं आहे.

चांगली काच एकाच देशात पिकली की काय होतं तेही पुढे दिसलं. पहिल्या महायुद्धात जर्मन काच बंद झाली आणि अमेरिकन नौदलाकडे दुर्बिणी पुरेनात. तेव्हाचे नौदलाचे सहायक सचिव फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी लोकांना आवाहन केलं की घरातल्या दुर्बिणी पाठवा, प्रत्येकीचा एक डॉलर देऊ आणि जमलं तर युद्धानंतर परत करू. हजारो लोकांनी दुर्बिणी पाठवल्या.

आता सडपातळ दुर्बिणींकडे वळू. पोरोची रचना रुंदीला जागा खाते. छपरासारखी धार असलेलं रूफ प्रिझम वापरलं की नळी सरळ आणि बारीक होते. वेट्झलारच्या हेन्सोल्ट कंपनीने १९०५ मध्ये अशी दुर्बीण आणली. मात्र इथेही कल्पना पुढे आणि साहित्य मागे! काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. अशा दहा सीमा असल्या की जेमतेम दोन-तृतीयांश प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो. त्यावर झाइसच्याच स्माकुलाने १९३५ मध्ये परावर्तनरोधक लेपाचा उपाय काढला. दुसरा रोग जास्त छुपा होता. रूफ प्रिझममध्ये प्रकाशाचे दोन भाग होऊन पुन्हा एकत्र येतात, त्यांच्या कलांत फरक पडतो आणि चित्र किंचित फिकं, मऊ दिसतं. त्यावरचा फेज कोटिंगचा लेप झाइसने १९८८ मध्ये आणला. म्हणजे रचना १९०५ ची, आणि तिचं पूर्ण चीज झालं ८३ वर्षांनी.

हा इतिहास कळल्यावर दुकानात काय विचारायचं ते आपोआप ठरलं. बारीक, सरळ नळीची दुर्बीण असेल तर "फेज कोटिंग आहे का?" आणि "सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थरांचा लेप आहे का?" बजेट कमी असेल तर पोरो प्रिझमची छोटी दुर्बीण बरी, कारण तिला हा फेजचा रोगच नाही.

राहिला प्रश्न भिंगाच्या मापाचा. पुढच्या भिंगाच्या व्यासाला शक्तीने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ८×४२ ला ती सव्वापाच मिलिमीटर, ८×२५ ला जेमतेम तीन. पण उन्हात आपली बाहुलीच दोन-तीन मिलिमीटर उघडते, त्यामुळे भर दिवसा ८×२५ पुरते. झुंजुमुंजू असताना मात्र ८×४२ जवळजवळ पावणेतीन पट प्रकाश गोळा करते, आणि तिथे काही इलाज नाही. आणि दहापट शक्तीच्या मोहात पडू नये, हाताची थरथरही दहापट होते.

बाबांसाठी ८×२५ घेतली, तीनशे ग्रॅमची. ती घेऊन ते नाशिकहून नांदूर मध्यमेश्वरला जाऊन आले. फोनवर म्हणाले, "सूर्य वर येईपर्यंत काही खरं नाही बघ तिचं. पण नंतर झकास!"

मी त्यांना आकडेमोड सांगितली नव्हती. बाकी पक्ष्यांची यादी त्यांनी वीस मिनिटं वाचून दाखवली. दुर्बीण खिशात होती ना!