चेंडूवरची सही : बेसबॉलमधील एका भेटीचा इतिहास

१/
शिकागोत जानेवारी महिन्यात बेसबॉल खेळला जात नाही. मैदानावर बर्फ असते आणि हंगामाला अजून अडीच-तीन महिने अवकाश असतो. तरीही याच महिन्यात शहरातील एका मोठ्या हॉटेलात 'शिकागो कब्ज' या संघाचे हजारो चाहते दरवर्षी जमतात. कोणाच्या हाती नवा कोरा चेंडू, कोणाच्या हाती जुने छायाचित्र, आणि प्रत्येकाच्या खिशात पेन. रांग तासभराची, भेट मात्र काही क्षणांची. या काही क्षणांसाठी माणसे इतकी का थांबतात, या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यात दानत आहे तशी लबाडी आहे, न्यायालयेही आहेत आणि कोलकात्याच्या एका संत स्त्रीचे नावही आहे.

२/
प्रथम चेंडूविषयी. क्रिकेटचा पारंपरिक चेंडू लाल, म्हणून त्यावर सही उठून दिसत नाही. बेसबॉलचा चेंडू पांढऱ्या चामड्याचा असतो. चामड्याचे दोन तुकडे १०८ टाक्यांनी शिवलेले असतात. शिवणीच्या दोन ओळी जिथे सर्वांत जवळ येतात, त्या अरुंद पट्टीला संग्राहक 'स्वीट स्पॉट' म्हणतात. संपूर्ण संघाच्या सह्या घ्यायच्या असतील तर ही जागा संघाच्या मॅनेजरसाठी राखण्याचा जुना प्रघात आहे. एकाच खेळाडूची सही असेल तर ती तिथेच हवी, असा संग्राहकांचा आग्रह असतो. हा चेंडू जणू लिहिण्यासाठीच घडवला आहे.

३/
नामवंतांच्या सह्या जमवण्याचा छंद बेसबॉलपेक्षा जुना आहे. एकोणिसाव्या शतकात राजपुरुष आणि साहित्यिक यांच्या सह्यांच्या वह्या घरोघरी असत. खेळाडूला त्या पंक्तीत मानाचे पान मिळवून दिले ते बेब रूथने. १९२० साली न्यूयॉर्क यांकीजकडे आल्यावर त्याने पहिल्याच हंगामात ५४ होमरन मारले आणि तो राष्ट्रीय दैवत बनला. हॉटेलच्या दारात, रेल्वेच्या फलाटावर, रुग्णालयात, जिथे मागितली तिथे तो सही देई. १९२६ च्या वर्ल्ड सीरिजच्या वेळी जॉनी सिल्व्हेस्टर या आजारी मुलाला खेळाडूंच्या सह्यांचे चेंडू पाठवण्यात आले. त्याच मालिकेतील चौथ्या सामन्यात रूथने तीन होमरन मारले आणि मालिका संपल्यावर तो त्या मुलाला भेटायला त्याच्या घरी गेला. वृत्तपत्रांनी या प्रसंगाला पुष्कळ मीठमसाला लावला. तरी त्यातून एक संकेत रूढ झाला : सही म्हणजे खेळाडूने चाहत्याला दिलेला थोडासा वेळ.

४/
त्या काळातही प्रत्येक सही खरी नव्हती. संघाला पाठवायच्या चेंडूंची संख्या वाढली, की कपडे बदलण्याच्या खोलीतील सेवक किंवा एखादा सहकारीच सर्वांच्या वतीने सह्या करून टाकी. अशा सह्यांना पुढे 'क्लबहाऊस सही' असे नाव पडले. मात्र त्यामागे पैशाचा लोभ नव्हता, कामाचा कंटाळा होता. सही विकत घेणारे फारसे कोणी नव्हते, म्हणून फसवणुकीची तक्रारही कोणी करत नव्हते. बाजार नसला की खोट्यालाही किंमत नसते.

५/
कोणाच्या सह्या उरल्या आणि कोणाच्या नाही, हाही इतिहासच आहे. जॉश गिब्सन हा बेसबॉलमधील थोर फलंदाजांपैकी एक. पण तो कृष्णवर्णीय होता, म्हणून त्याला मेजर लीगची दारे बंद होती. जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी तो वारला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सनने मैदानात उतरून वर्णभेदाची भिंत फोडली. रूथच्या सह्या आज विपुल आहेत, गिब्सनच्या अत्यंत दुर्मीळ. निग्रो लीगच्या खेळाडूंनाही चाहते होते, परंतु सह्या जपणाऱ्या संग्राहकांची आणि संस्थांची नजर दीर्घकाळ दुसरीकडेच होती. आज गिब्सनच्या सहीला मोठी किंमत येते. ती एका अर्थाने त्या जुन्या उपेक्षेचीच किंमत आहे.

६/
खेळाडू आणि चाहता यांच्यातील अंतर खरे वाढले ते १९७५ नंतर. तोवर 'रिझर्व्ह क्लॉज' या करारातील कलमामुळे खेळाडू एकाच संघाला बांधलेला असे आणि मालक देईल ते मुकाट्याने घेई. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी हा फास सैल केला. १९७६ मध्ये मेजर लीगमधील खेळाडूचा सरासरी वार्षिक पगार सुमारे ५१ हजार डॉलर होता, १९८९ मध्ये तो सुमारे ५ लाखांवर गेला. खेळाडूला न्याय मिळाला, यात शंका नाही. पण शेजारच्या गल्लीत राहणारा आणि हिवाळ्यात दुसरी नोकरी करून घर चालवणारा खेळाडू आता कुंपणापलीकडे गेला.

७/
या सुगीत ज्यांच्या वाट्याला काही आले नाही, असा एक वर्ग होता : निवृत्त खेळाडूंचा. मिकी मँटल १९६८ च्या हंगामानंतर थांबला. त्याचा सर्वोच्च पगार वर्षाला १ लाख डॉलर होता. १९८३ मध्ये त्याने अटलांटिक सिटीतील एका कॅसिनोत जनसंपर्काचे काम धरले, तेव्हा आयुक्त बोवी कुन यांनी त्याच्यावर बेसबॉलशी संबंध ठेवण्यास बंदी घातली. ती १९८५ मध्ये उठली. याच सुमारास बेसबॉल कार्डांच्या संग्राहकांचे मेळे भरात आले होते. त्यांचे राष्ट्रीय संमेलन १९८० मध्ये लॉस एंजेलिस येथे प्रथम भरले. अशा मेळ्यांत जुने तारे टेबलामागे बसत, सहीमागे ठरलेली रक्कम घेत आणि शेकडो सह्या करत. सहीला दर लागला.

८/
या पार्श्वभूमीवर जानेवारी १९८६ मध्ये 'कब्ज कन्व्हेन्शन' सुरू झाले. संघाचे विपणनप्रमुख जॉन मॅकडॉनो यांची ही कल्पना. एखाद्या संघाने स्वतःच्या चाहत्यांसाठी भरवलेले हे अशा प्रकारचे पहिले संमेलन मानले जाते. कब्ज तेव्हा यशस्वी संघ नव्हता. १९०८ नंतर त्याने अजिंक्यपद मिळवलेले नव्हते आणि १९८५ च्या हंगामात त्याच्या पराभवांची संख्या विजयांहून अधिक होती. तरीही चाहते आले. पराभवाची सवय झालेल्या माणसांना विजयापेक्षा सहवास अधिक मोलाचा वाटत असावा. मराठी वाचकाला या गर्दीत साहित्य संमेलनाची आठवण यावी : परिसंवाद, जुन्याजाणत्यांच्या आठवणी, वस्तूंची दुकाने आणि आवडत्या माणसाची सही घेण्यासाठी लागलेली रांग.

९/
ही प्रथा पसरली. मिनेसोटात १९८९ मध्ये 'ट्विन्सफेस्ट' सुरू झाले. सेंट लुइसमध्ये १९९७ पासून 'विंटर वॉर्म-अप' भरू लागले, तेथे सहीसाठी दिलेला पैसा संघाच्या धर्मादाय संस्थेकडे जातो. सर्वत्र अडचण एकच : खेळाडू मोजके आणि मागणारे अगणित. म्हणून मोठ्या ताऱ्यांच्या रांगेसाठी कोठे सोडत काढतात, कोठे आगाऊ कूपन विकतात, तर कोठे एका व्यक्तीस एकच वस्तू असा दंडक असतो. छायाचित्राची रांग पुष्कळदा वेगळी ठेवतात, कारण सही करताना खेळाडूची नजर खाली असते आणि छायाचित्रासाठी ती वर हवी. दोन्ही एकदम मागितली, तर मागची रांग कुरकुरते.

१०/
टेबलावर रोख रक्कम जमू लागल्यावर कर चुकवण्याचा मोहही आला. ४,२५६ हिट्सचा विक्रमवीर पीट रोझ याच्यावर जुगारामुळे ऑगस्ट १९८९ मध्ये आजीवन बंदी आली. १९९० मध्ये खोटी करविवरणे भरल्याबद्दल त्याला पाच महिन्यांचा तुरुंगवास झाला. लपवलेल्या उत्पन्नात सह्यांचा पैसाही होता. १९९५ मध्ये ड्यूक स्नायडर आणि विली मॅकोव्ही या दोन महान खेळाडूंनी मेळ्यांतील कमाई लपवल्याचा गुन्हा कबूल केला. मॅकोव्हीला राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी जानेवारी २०१७ मध्ये माफी दिली. रोझ मात्र अखेरपर्यंत सह्यांवर जगला. जुगार खेळल्याबद्दल क्षमा मागणारे वाक्य लिहून सही केलेले त्याचे चेंडूही विकले गेले. पश्चात्तापही दराने मिळू लागला.

११/
दरम्यान चाहत्यांचा विश्वास उडण्याची वेळ आली होती. ऑगस्ट १९९४ मध्ये खेळाडूंनी संप केला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सीरिजच रद्द झाली. कोट्यधीश मालक आणि लक्षाधीश खेळाडू यांच्या भांडणात आपण कोणीच नाही, ही भावना पसरली. १९९५ मध्ये खेळ सुरू झाल्यावर बाल्टिमोरचा कॅल रिपकेन सामने संपल्यावर मैदानात थांबून उशिरापर्यंत सह्या देत राहिला. ६ सप्टेंबर १९९५ रोजी त्याने सलग २,१३१ वा सामना खेळून लू गेरिगचा विक्रम मोडला, तेव्हा खेळ थांबला आणि त्याने मैदानाला फेरी मारत प्रेक्षकांशी हस्तांदोलन केले. दुरावा मिटवण्याचा मार्ग त्याला ठाऊक होता. तो रूथच्याच काळातला होता : जवळ जाणे.

१२/
बाजाराने मात्र सहीला भेटीपासून तोडले होते. चेंडू कोणाच्या समोर सही केला गेला, हे विकत घेणाऱ्याला कळण्याचा मार्गच उरला नव्हता. सॅन डिएगोचा खेळाडू टोनी ग्विन याला आपल्या नावाच्या बनावट सह्या आपल्याच संघाच्या दुकानात आढळल्या. एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' ही मोहीम हाती घेतली आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये बनावट सह्या करणाऱ्या टोळीवर छापे घातले. नामांकित खेळाडूंच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सह्यांपैकी किमान निम्म्या खोट्या असाव्यात, असा तपासयंत्रणेचा अंदाज होता. जप्त मालात मदर तेरेसा यांच्या सहीचे बेसबॉलही होते. अशा चेंडूलाही गिऱ्हाईक मिळेल हा विक्रेत्यांचा भरवसाच त्या बाजाराविषयी सर्व काही सांगतो.

१३/
यावर मेजर लीगने २००१ मध्ये जो उपाय केला, तो विचार करण्यासारखा आहे. आजी-माजी पोलीस अधिकारी प्रमाणकर्ते म्हणून नेमले गेले. सही त्यांच्या डोळ्यांदेखत झाली तरच वस्तूवर क्रमांक असलेला होलोग्राम चिकटतो. हा प्रमाणकर्ता अक्षराचे वळण तपासत नाही, शाई तपासत नाही. तो फक्त हजर असतो. म्हणजे इतक्या उलाढालीनंतर बाजाराला शेवटी साक्षीदारच नेमावा लागला. सहीचे मोल शाईत नसून 'तो तिथे होता' या वस्तुस्थितीत आहे, ही गोष्ट संमेलनाच्या रांगेतील लहान मुलाला आधीपासूनच ठाऊक होती.

१४/
मोबाइलमध्ये कॅमेरा आल्यावर अनेक चाहते सहीऐवजी छायाचित्र मागू लागले. त्यामागेही हाच तर्क दिसतो. खेळाडूशेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचे छायाचित्र तिसरा कोणी विकत घेणार नाही. ते ज्याचे आहे त्याच्यासाठीच मोलाचे. सहीखाली चाहत्याचे नाव घातले की तिचा बाजारभाव सामान्यतः उतरतो. म्हणूनच काही खेळाडू मुद्दाम नाव घालून सही देतात, म्हणजे ती दुसऱ्या दिवशी विक्रीला जात नाही. पुनर्विक्री करणारा नाव नको म्हणतो, खरा चाहता नावासाठी हट्ट धरतो.

१५/
कब्जने १०८ वर्षांनी, २०१६ मध्ये अजिंक्यपद जिंकले. चेंडूच्या टाक्यांइतकीच ही वर्षे! जानेवारी २०१७ च्या संमेलनात चाहत्यांनी अखेर विजेत्यांना डोळे भरून पाहिले. पण रांगेच्या टोकाशी घडते ते त्याआधीही घडत होते आणि आजही घडते. मूल चेंडू पुढे करते, खेळाडू पेनचे टोपण काढतो आणि विचारतो, "नाव काय तुझे?" बाजाराच्या हिशेबात हा प्रश्न तोट्याचा आहे. चाहता मात्र तासभर उभा असतो तो याच प्रश्नासाठी.