उस्मानिया विद्यापीठ : अभिमान आणि हिशेब

उस्मानिया विद्यापीठाचा विषय निघाला की मराठवाड्यात दोन प्रतिक्रिया हमखास येतात. काही जण 'निजामाचं विद्यापीठ' म्हणून विषय मिटवतात, तर आपल्यातले काही जण उर्दूच्या गतवैभवात रमतात. दोघेही अर्धाच इतिहास सांगतात.

१८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठं सुरू झाली, ती इंग्रजीतून. उच्च शिक्षण म्हणजे इंग्रजी, हे समीकरण तिथेच पक्कं झालं. हैदराबाद संस्थानातले अधिकारी अकबर हैदरी यांनी त्याला पर्याय सुचवला. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी तो मान्य केला आणि १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारं हे देशातलं पहिलं आधुनिक विद्यापीठ.

पण शिकवायचं तर पुस्तकं हवीत. त्यासाठी विद्यापीठाच्या आधीच, १९१७ मध्ये, 'दारुत्तर्जुमा' हा अनुवाद विभाग उभा राहिला. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. त्यांच्या आयुष्यातली कितीतरी वर्षं औरंगाबादेत गेली आणि 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू'चं कामही त्यांनी तिथूनच चालवलं. इतिहास, गणित, तत्त्वज्ञान, रसायनशास्त्र अशा विषयांचे ग्रंथ उर्दूत आले. वहीदुद्दीन सलीम यांनी तर परिभाषा कशी घडवावी यावरच पुस्तक लिहिलं. वैद्यक आणि अभियांत्रिकीही उर्दूतून शिकवली गेली. इंग्रजी मात्र सक्तीचा विषय होता, त्यामुळे जगाशी नातं तुटलं नाही. याच विद्यापीठातून मख्दूम मोहिउद्दीन यांच्यासारखा कवी शिकून बाहेर पडला आणि पुढे निजामशाहीविरुद्धच उभा राहिला.

हा झाला अभिमानाचा भाग. आता हिशेबाचा.

संस्थानातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. मातृभाषेतून शिक्षण हवं हा युक्तिवाद उर्दूसाठी केला गेला, पण तो बीड-परभणीच्या मराठी मुलाला लागू झाला नाही. त्याच्यासाठी एका परक्या भाषेच्या जागी दुसरी आली. खेड्यात दखनी आणि मराठी बोलत वाढलेल्या मुसलमान मुलालाही अरबी-फारसी परिभाषेची ती ग्रांथिक उर्दू सोपी नव्हतीच.

ही खदखद १९३८ मध्ये बाहेर आली. वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यास बंदी झाली. विद्यार्थी हटले नाहीत आणि अनेकांची नावं काढून टाकण्यात आली. त्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. त्या गीताबद्दल आपले आक्षेप आजही असतील. पण आपल्या खोलीत, आपल्या प्रार्थनेत काय म्हणायचं हे सरकारने ठरवू नये, हे तत्त्व आपण आज स्वतःसाठी मागतो. मग ते त्या मुलांनाही लागू होतं.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं आणि थोड्याच काळात उर्दूच्या जागी इंग्रजी आली. तेलुगू नाही, मराठीही नाही. तीस वर्षांत घडवलेली परिभाषा कपाटात गेली. १९५३ मध्ये याच विद्यापीठाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना डी.लिट. देऊन गौरवलं. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि इथल्या महाविद्यालयांचं हैदराबादशी असलेलं नातं संपलं.

आज मराठीतून अभियांत्रिकी शिकवण्याची चर्चा चालते, तेव्हा 'आपल्या भाषांत विज्ञान मावत नाही' असं सर्रास ऐकू येतं. उस्मानियाने ते खोटं ठरवलं होतं. पैसा, माणसं आणि चिकाटी दिली तर कोणतीही भाषा ज्ञानाचं ओझं पेलते. पण ती भाषा शिकणाऱ्याची असावी लागते. उर्दू शाळांसाठी भांडताना आणि मराठीवर हक्क सांगताना आपण या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवायला हव्यात. आपल्या भाषेचं प्रेम खरं असेल, तर शेजाऱ्याच्या भाषेलाही तेवढीच जागा देता आली पाहिजे.